सरांचा गाजलेला निबंध

पासवर्ड टाइप करताना सर आम्हाला खिडकीकडे बघायला लावत. "तिकडे बघ. दोस्ती दोस्तीच्या जागी." आम्ही मुकाट्यानं माना वळवायचो. तुम्हीही असे वरिष्ठ पाहिले असतील, त्यांच्या विक्षिप्तपणाचंसुद्धा आपल्याला कौतुक वाटतं.

लखनौच्या आमच्या अभ्यास केंद्रात मराठी माणसं दोनच, नागपूरचे सर आणि साताऱ्याची मी. विषय बड्या राष्ट्रांच्या सायबर धोरणांचा. मला टायफॉइड झाला तेव्हा सर महिनाभर जुन्या लखनौतल्या चौक भागातून स्कूटरवर खिचडीचा डबा घेऊन अलीगंजला माझ्या खोलीवर येत. "खा यार, अमेरिका-चीन थांबतील," म्हणायचे. वडील गेल्यापासून मला इतक्या हक्कानं कोणी दटावलं नव्हतं.

आणि गंमत बघा, दुसऱ्याच्या संगणकात कोण कसा शिरतो यावर व्याख्यानं झोडणारे आम्ही, सुटीवर जाताना आपापला पासवर्ड चिठ्ठीवर लिहून सरांकडे देऊन जायचो. तेव्हा फोनवर मेल दिसत नसे. दिल्लीहून काही तातडीचं आलं तर सर बघतील, अशी पद्धतच पडली होती.

एका दिवाळीला मीही चिठ्ठी देऊन साताऱ्याला गेले. माझ्या मेलमध्ये तीन वर्षं घासलेला निबंध पडून होता. अमेरिकेला इंटरनेटचं जाळं खुलं हवं, रशिया-चीनला त्यावर सरकारचा ताबा हवा, तेव्हा मोठा करार होणं कठीण. निदान हल्ला झाला तर उलटा वार करण्याआधी एकमेकांना फोन करायचा, एवढं तरी ठरवा, असं माझं म्हणणं. अलीगंजात वीज गेली की लोक आधी गच्चीवर जातात, शेजारी दिवा आहे का बघतात आणि मग कोणाला शिव्या द्यायच्या ते ठरवतात, हे उदाहरणही दिलं होतं. या निबंधावर माझी कायम नोकरी ठरायची होती.

परत आले तर सरांनी तो दिल्लीच्या परिसंवादात स्वतःच्या नावानं वाचला होता. अलीगंजच्या गच्चीसकट.

"सर, हे माझं होतं."

त्यांनी सावकाश चष्मा पुसला. "अगं, तुझ्या नावानं कोणी ऐकलं असतं का? विषय पोचला ना?"

मुलाखतीत मला विचारलं, "ये तो सर का काम है. आपका अपना क्या है?" खिचडीचा डबा आणणाऱ्या सरांना चारचौघांत चोर म्हणायला जीभ उचलेना. नोकरी दुसऱ्याला मिळाली, मी कंत्राटावरच राहिले. केसानं गळा कापला माझा, दुसरे शब्द नाहीत.

निवृत्त होऊन सर नागपूरला गेले आणि दोन वर्षांत वारले. केंद्राच्या अंकात श्रद्धांजली लिहायचं काम मराठी म्हणून माझ्याकडेच आलं. त्यांच्या पत्नीचा, काकूंचा फोन आला. "यांचं सगळ्यात चांगलं लिखाण कोणतं, ते अगदी वर येऊ दे हं. तुलाच ते कळणार."

चार दिवस बसून मी सरांचं सगळं लिखाण पुन्हा वाचलं. काहीतरी सापडावं म्हणून मनापासून शोधलं. मग यादीत सर्वांत वर तोच निबंध लिहिला. त्यांचं दुसरं काहीच तेवढं चांगलं नव्हतं.