कौलाला बसलेल्या बाई

"बसायला आलोय व्हय मी?"

खुर्ची पुढं केली की बाई असं म्हणायच्या, आमच्याकडच्या बायका बोलतात तसं पुरुषी थाटात. चहा उभ्यानं, फोन उभ्यानं, मिटिंगसुद्धा उभ्यानं. कसबा बावड्यातल्या आमच्या ऑफिसात त्यांच्या खुर्चीवरचं प्लॅस्टिक कधी निघालंच नाही.

गडहिंग्लजकडच्या शेतकरी घरातल्या या बाईंनी नेपाळात जंगल राखणाऱ्या गावांबरोबर काम केलं, केनियात पाण्याचं काम केलं, आणि मग इथं येऊन देवराया वाचवायला संस्था काढली. मुलाखतीला मी बी.एस्सी.ची फाईल पुढं केली. बाईंनी ती उघडलीच नाही.

"घरात आधी कोण शिकलंय?"

"कोण न्हाय."

"मग मान वर करून सांग की! सोमवारपासनं ये."

तेव्हापासून मी ते मान वर करूनच सांगतो.

गावांत मात्र त्यांचं उभं राहणं खटकायचं. आपल्याकडं दारात आलेला माणूस टेकला नाही तर घरच्यांना लागतं, हे तुम्हालाही ठाऊक आहे. भुदरगडच्या डोंगरातल्या एका गावात देवळाच्या मंडपासाठी देवराईतली जुनी झाडं तोडायचं घाटत होतं. बाई खेपा घालायच्या, नकाशे दाखवायच्या, निघायच्या. एकदा गावचे कारभारी अण्णा वैतागले.

"बाई, वाऱ्यागत येतासा, वाऱ्यागत जातासा. झाडं आमची न्हाईत, देवाची हाईत. त्यालाच इचारा."

"विचारतो की! झाडं तोडायची का, म्हणून."

कौलाची रीत साधी. गुरव देवाच्या दगडाला दोन्ही बाजूंनी ओली फुलं चिकटवतो. उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. आणि कौल मागणाऱ्यानं तोवर जागचं उठायचं नाही. हे शेवटचं बाईंना मांडी घातल्यावर कळलं. दुपारीच त्यांना विमानासाठी मुंबईला निघायचं होतं. परदेशात देणगीदारांपुढं उभं राहून बोलल्या, तरच संस्था पुढं चालणार होती.

दुपार झाली. फुलं हलेनात, बाईंचे गुडघे मात्र थांबेनात. माणसं जेवून परत आली. रस्त्यावरनं आमचा ड्रायव्हर हॉर्न मारायला लागला. मी त्यांच्या कानाशी वाकलो. "बाई, आता निघायला पायजे."

"उठलो तर?"

"कौल मोडंल," अण्णांनीच परस्पर सांगितलं.

बाईंनी झाडांकडं एकदा बघितलं. "त्याला हॉर्न बंद करायला सांग."

दिवस मावळला तरी फुलं जागच्या जागी. शेवटी अण्णांनी टोपी झटकली. "देव हो म्हणंना. झाडं ऱ्हाऊंद्यात. मंडप पत्र्याचा करू. उठा बाई."

"उठव की रं मला," बाई मला म्हणाल्या. पाय पार बधिर झाले होते.

विमान गेलं, देणगी गेली. ऑफिसात आम्ही दोघंतिघं उरलो, आणि बाई पुन्हा आफ्रिकेत नोकरीला गेल्या. तिथनं त्यांचे व्हॉइस मेसेज येतात. मागं जीपची घरघर, वाक्यं अर्धवट.

परवा देवराईत गेलो. पत्र्याच्या मंडपावर झाडांची सावली हलत होती.

"बाई बसल्या का कुठं?" अण्णांनी विचारलं.

"न्हाय. उभ्याच हाईत."

तेवढ्यात कौलाला आलेला एक माणूस देवापुढच्या मोकळ्या जागेत टेकायला लागला. अण्णा खेकसले, "ओ पावणं, तिकडं सरका जरा. ती बाईंची जागा हाय."