कमरेतली सुई

हिंगोली जिल्ह्यात ठाणेदार असताना बरेच गुन्हे उघड केले, पण त्या बाजारच्या दिवशी घडलेलं आजही जसंच्या तसं डोळ्यांपुढे आहे. आरोग्य खात्याच्या शिबिरात लस घेतलेलं तांड्यावरचं एक लेकरू बेशुद्ध पडलं होतं. तालुका आरोग्य अधिकारी मॅडमना अटक करा, म्हणून जमाव ठाण्यासमोर अडून बसला होता.

मॅडम भारी फटकळ. जवळा बाजार गावात भोंगा हातात घेऊन त्यांनी बोगस डॉक्टरांचे वाभाडे काढले होते. ते दुखावलेले लोक आता त्यांच्या निलंबनाची वाट बघत होते. मॅडम मात्र मलाच सुनावत होत्या, "साहेब, अटक खुशाल करा. आधी लेकरू नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात पोचतं का ते बघा."

तेवढ्यात खबऱ्यानं कानावर घातलं, की शिबिरानंतर लेकराची आई बाजारामागच्या एका 'डॉक्टर'कडे शिरली होती. आईनं जबाबात साफ नाकारलं. सुई शिबिरातच दिली, एवढंच धरून बसली. कुठं दिली, विचारलं.

"कमरेत," ती म्हणाली.

मी चमकलो. आमच्या हवालदाराची लेक त्याच शिबिरात होती आणि सकाळपासून दंड धरून रडत होती. तिथं सगळ्यांना लस दंडातच दिली होती.

त्या डॉक्टरला चौकशीला आणलं. लेकरू बघितलंच नाही म्हणे! मी आवाज चढवला नाही. चहा मागवला, पाठ धरल्याचं सोंग केलं आणि विचारलं, दंडात एक सुई देता का?

"दंडात काय कामाची, साहेब? लोकायला पटतच न्हाई. मी लहान-मोठं समद्यायला कमरेतच देऊन राहिलो."

"तांड्यावरच्या लेकरालाबी?"

त्यानं कपबशी खाली ठेवली आणि दाराकडं बघितलं. मग भडाभडा बोलला. लसीनंतर साधा ताप आला होता, यानं भलतंच औषध टोचलं आणि शिबिराचं नाव घे म्हणून आईला दम भरला. त्याच्या खोलीच्या पंचनाम्यात औषधाची कुपी सापडली. मॅडमनी ठाण्यातूनच नांदेडच्या डॉक्टरांना औषधाचं नाव कळवलं आणि संध्याकाळी लेकरानं डोळे उघडले. खरं सांगतो, ठाण्यात आम्ही पेढे वाटले.

पुढच्या बाजारी मॅडमच्या हातात पुन्हा भोंगा होता आणि शेजारी लेकरू कडेवर घेऊन तीच आई उभी होती. "बोला मॅडम, मी हाय संगं," म्हणाली.

फटकळ माणसाविरुद्धची तक्रार लोकांना चटकन खरी वाटते, म्हणून ती दुप्पट तपासावी, हे मी तेव्हा शिकलो. मॅडम ठाण्यात आल्या, तेव्हा वाटलं, आभार मानतील. त्या म्हणाल्या, "आभार मागाहून. तुमच्या पाण्याच्या टाकीत अळ्या झाल्यात. नोटीस घ्या."

सगळ्या नोकरीत हसत हसत घेतलेली ती एकच नोटीस.