सात खणांचा पडदा

साती आसरांना मी माझी जुनी बनियनं वाहिली, हे सुरुवातीलाच कबूल करून टाकतो. एकदा बोललं की छातीवरचं ओझं थोडं उतरतं. (थोडंच. बाकीचं पुढे येईल.)

मी वसमतला शाळेत गणित शिकवतो. माझा स्वभाव वाईट नाही, पण मला सुट्टी सोसत नाही. मागच्या मे महिन्यात शाळा बंद, बाहेर ऊन आणि हातात मोबाईल! त्या मोबाईलवर एक बाई रोज यायच्या. ‘टाकाऊ कपड्यांपासून सुंदर वस्तू, घरच्या घरी, फक्त वीस मिनिटांत!’ त्या हसत हसत कापायच्या आणि हसत हसत शिवायच्या. त्यांचं पाहून मी एका गुडघे फाटलेल्या पँटची बाजाराची पिशवी केली. पँट जावयांची होती, अडीच महिने जुनी होती आणि गुडघे विकत घेतानाच फाटलेले होते, हे नंतर कळलं. जावई काही बोलले नाहीत. आमच्याकडे आले की मात्र बॅगेला कुलूप लावून झोपायला लागले.

त्या पिशवीची भरपाई करावी म्हणूनच मी पडदा शिवायला घेतला.

आमची एकुलती एक पूजा वारंगा फाट्याजवळ दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी. तिला आणायला बायको, म्हणजे कमल, दोन दिवसांसाठी गेली. पूजाच्या खोलीच्या खिडकीला पडदा नव्हता. मी ठरवलं, दोघी यायच्या आत झकास पडदा करायचा. कापड विकत आणलं तर त्यात कला ती काय?

कमलच्या कपाटात ओटीत आलेल्या खणांचा ढीग असतो. तुमच्याही घरी असेल. हे खण कुणी शिवत नाही. ते या घरातून त्या घरात नुसते फिरतात आणि वर्षा-दोन वर्षांनी मूळ मालकिणीकडे परत येतात. त्यातले चार उचलले तर कोणाला कळणार? पण ढिगामागे, अगदी तळाशी, मला एक लाल फडक्याचं गाठोडं सापडलं. आत हिरवेगार नवे खण आणि डझनभर हिरव्या बांगड्या! एक हळकुंड आणि सुपारीही होती. (मला वाटलं, कसर लागू नये म्हणून.) जणू कुणी पडद्याचंच सामान बांधून ठेवलं होतं. खण मोजले. सात. गणिताचा मास्तर आहे, म्हणून पुन्हा मोजले. सातच.

वीस मिनिटांचं काम मला दोन दिवस लागलं. सुई एकदा कापडातून गेली आणि दोनदा बोटातून. सात खण उभे, शेजारी शेजारी जोडले. वरच्या कडेला बांगड्या शिवून त्या दांडीत ओवल्या. खिडकीला पडदा लावला आणि मी लांब उभा राहून पाहिलं. भर दुपारचे बारा वाजले होते. वाऱ्याची झुळूक नव्हती, पानसुद्धा हलत नव्हतं. तरी बांगड्या वाजल्या.

किण्.

मी स्वतःला सांगितलं, नवीन काम आहे, बसतंय.

संध्याकाळी शेजारच्या शोभाबाई आल्या. कमलच्या जिवलग मैत्रीण, बाजाराला दोघी जोडीनेच जातात. पडद्यापुढे उभ्या राहिल्या आणि त्यांचा हात आपोआप तोंडावर गेला.

“सर, हे तुमी शिवलं?”

“हो! कसं झालंय?”

“चांगलं हाय,” त्या म्हणाल्या. मरणाच्या दारी बसलेल्या माणसाला ‘तब्येत सुधारून राहिली’ म्हणतात ना, तसा आवाज. मग डावीकडच्या शेवटच्या खणाला त्यांनी बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. “हा येगळा हाय. ह्याचा काठ पाहा. असा काठ माझ्या आजीच्या चोळीला व्हता. आता निघत न्हाई हा. आन् वला काहून हाय?”

मी हात लावला. खण ओला होता. बाकीचे सहा कोरडे.

दुसऱ्या दिवशी मायलेकी आल्या. पूजाला नववा लागलेला, चेहरा सुजलेला. पडदा पाहून ती खूश झाली. “पप्पा, पहिल्यांदाच तुमी केलेली वस्तू वस्तूसारखी दिसून राहिली!” कमलही हसली. मग अचानक गंभीर झाली.

“अवं, कपाटातल्या लाल गाठोड्याला हात लावला न्हाई ना?”

“कोणत्या?” मी विचारलं. (इथे माझा पहिला खोटेपणा.)

“आसराचं हाय. माझ्या माहेरी, हट्ट्याला, मळ्यातल्या हिरीवर पोरीच्या बाळंतपणाचा नवस बोलले मी. लेकरू सुखरूप झालं की त्या सातीजणींची ओटी भरायची. तवर त्याला कोणाचा हात लागता कामा न्हाई.”

“छे! मी कशाला लावू?” (दुसरा.)

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आसरा म्हणजे विहिरीच्या पाण्यात राहणाऱ्या सात बहिणी. त्या भर दुपारी बाराला बाहेर येतात. लेकुरवाळ्या बाईवर प्रसन्न झाल्या तर झाल्या, नाही तर नाही. कमलच्या माहेरी त्या वेळी कुणी विहिरीकडे फिरकत नाही. मी हे सगळं लग्नापासून ऐकत होतो आणि लग्नापासून हसत होतो.

त्या दिवशी हसलो नाही.

कमल आंघोळीला गेली तसा मी कपाटाकडे धावलो. लाल फडकं मोकळंच पडलं होतं. त्यात काहीतरी घडी घालून बांधायला हवं होतं आणि हाताशी होती माझी जुनी बनियनं. सात मोजून घेतली. सातव्याला काखेत इतकं मोठं भोक होतं की त्यातून मुंडकंही गेलं असतं. बांगड्यांचा आवाज यावा म्हणून दोन चमचे घातले. गाठ मारली. हात जोडले. तेवढ्यात कमलने बाहेरून कपाटाची किल्ली मागितली आणि तिथून पुढे ती तिच्या कमरेलाच राहिली. बाजारातून नवे खण आणून गुपचूप बदलायचा माझा बेत त्या किल्लीबरोबरच गेला.

मग सुरू झालं. रोज दुपारी घर निपचित पडलं की बाराच्या सुमाराला बांगड्या किणकिणायच्या. मी जाऊन पाहायचो. सहा खण कोरडे, सातवा ओला. वास यायचा तो शेवाळाचा. जुन्या विहिरीत वाकून पाहिल्यावर येतो ना, तसा.

“वरच्या टाकीचा पाइप गळत असेल,” मी जाहीर केलं आणि रुबाबात गच्चीवर गेलो. टाकीत पाहिलं. टाकी कोरडी ठणठणीत. नळाला पाणी यायला अजून चार दिवस होते.

एकदा पूजा दुपारची झोपेतून उठून बाहेर आली. “पप्पा, खिडकीपाशी कोण उभं व्हतं?”

“मीच होतो.”

“तुमी न्हाई. बाई व्हती. पाठमोरी.”

“पडदा असेल, बाळा.”

“पडद्याला केस असतात का, पप्पा?”

मी तिला लिंबूसरबत करून दिलं. ढवळायला चमचा शोधला, सापडेना. आतून कमल ओरडली, “ह्या घरातले चमचे कोण खाऊन राहिलं?” मला खरोखर रडू आलं. शपथ सांगतो, त्या आठवड्यात मी तीन वेळा खरं बोलायला तोंड उघडलं. पहिल्यांदा कमल भाकरी थापत होती. दुसऱ्यांदा पूजाचे पाय चेपत होती. तिसऱ्यांदा ती माझ्याकडे नुसतीच बघत बसली होती, आणि ते सगळ्यांत अवघड होतं. तिन्ही वेळा माझ्या तोंडातून एकच वाक्य बाहेर पडलं, “आज फार उकडतंय.”

नवव्या दिवशी सकाळी पूजा पोटावर हात ठेवून बसली. “आई, बाळ आज फिरून न्हाई राहिलं.”

कमल आणि शोभाबाई तिला रिक्षाने दवाखान्यात घेऊन गेल्या. जाताना कमल म्हणाली, “कपड्याची पिशवी घेऊन मागून या. लवकर!”

मी पिशवी भरली. आणि मग मी काय करावं? पडदा दांडीसकट ओरबाडून काढला, मोटरसायकलला बांधला आणि दवाखान्याच्या उलट दिशेला, हट्ट्याला निघालो. माणूस घाबरला की हिशोब करत नाही. मी फक्त हिशोबच करत होतो. दोष माझा, खण त्यांचे, लेकरू माझ्या लेकीचं.

मळ्यात पोचलो तेव्हा सावली पायाखाली आली होती. विहिरीजवळ उंबर, उंबराखाली शेंदूर लावलेले सात दगड. चिटपाखरू नाही. मी चपला काढल्या, पडदा उंबराच्या फांदीला टांगला आणि दगडांपुढे बसून मोठ्याने सगळं कबूल केलं. पडदा सांगितला, बनियनं सांगितली. जावयांची पँटही सांगितली. “आयांनो, माझ्याकडून काय घ्यायचं ते घ्या,” मी छाती बडवत म्हणालो, “पोरीला सोडा!”

वारा सुटला. बांगड्या वाजायला लागल्या. आणि विहिरीच्या आतून एक किंकाळी आली.

लांबलचक, बाईची किंकाळी! मी मागे वळून पाहिलं नाही. चपला तिथेच, पडदा तिथेच, मी मोटरसायकलवर. पहिल्या किकला ती चालू झाली, हा त्या दिवसातला पहिला चमत्कार.

दुसरा दवाखान्यात होता. कमल दारातच भेटली. डोळे लाल, पण हसत होती. “नात झाली! बारा वाजून गेले आन् झाली. नाळ गळ्याभोवती व्हती म्हणून हलून नव्हती राहिली. दोघी सुखरूप हायत.”

मी भिंतीला टेकलो. तेवढ्यात तिचा फोन वाजला. हट्ट्याहून तिचा भाऊ. आवाज इतका मोठा की फोन कानाला लावायची गरजच नव्हती.

“अक्का! आसरा दिसल्या! आपली शेळ्यावाली ठकूबाई हिरीच्या पलीकडं शेळ्या राखून राहिलती. तिनं डोळ्यानं पाहिलं! हिरव्या लुगड्यातल्या बाया उंबराला झुलून राहिल्यात, बांगड्या वाजून राहिल्यात! ठकूबाई अशी वरडली की हिरीत घुमलं बग!”

“किती जणी व्हत्या?” कमलने विचारलं.

“सात! सहा हलून राहिल्या व्हत्या. एक थिर व्हती, अजिबात हलत नव्हती. आन् म्होरं एक टकला बसलेला, छाती बडवून राहिलता!”

“टकला?”

“टकला! मानूस न्हवता अक्का. मानूस त्या टायमाला तिथं जाईल का? भूत व्हतं. आन् चपला सोडून गेलं!”

कमलने फोन ठेवला. माझ्या डोक्याकडे पाहिलं. मग माझ्या अनवाणी पायांकडे. आणि नातीला बघायला आत गेली.

सव्वा महिन्याने आम्ही ओटी भरायला हट्ट्याला गेलो. उंबराखाली मेळा भरल्यासारखं झालं होतं. माझा पडदा हळदीकुंकवाने लाल-पिवळा झालेला, वाकडी शिवण लोकांना दैवी वाटत होती. बाजूच्या दगडावर माझ्या चपला ठेवल्या होत्या. त्यांना झेंडूचा हार होता. मी स्वतःच्या चपलांना नमस्कार केला. इलाज नव्हता, लोक बघत होते.

मग कमलने लाल गाठोडं काढलं. मी पुढे धावलो. “कमल, उघडू नको! त्यात...”

तिने गाठ सोडली. आत हिरवे, कोरे खण होते आणि नव्या बांगड्या.

“तुला ठाऊक होतं?”

“आमी आलो त्याच सांजेला शोभाबाईनं सांगितलं. गाठोडं उघडलं तर तुमची बनियनं! आदी हसले, मंग रडले. चमचे काढून दडवून ठेवले.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुमी कवा सांगता त्याची वाट पाहून राहिलते,” ती म्हणाली. “तुमी उकडतंयच म्हणून राहिले.”

माझी मान खाली गेली. ती एकेक खण दगडांपुढे ठेवत गेली. सहा झाले. मग पिशवीतून नातीच्या हाताला लावून आणलेला एक वेगळा खण काढला आणि सातवा ठेवला.

“हा गाठोड्यात नव्हता?” मी विचारलं.

“गाठोड्यात सहाच व्हते पहिल्यापासून. सातवा लेकरू झाल्यावर त्याचा हात लावून द्यायचा असतो.”

“कमल, मी सात शिवले. दोनदा मोजले होते.”

तिचा हात थांबला. आम्ही दोघांनी वर पडद्याकडे पाहिलं. उन्हात सहा खण पार विटून गेले होते. डाव्या टोकाचा, जुन्या काठाचा, हिरवागार होता. खालच्या कोपऱ्यातून एक थेंब गळला.

“बनियनांचं काय केलंस?” काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं.

“नातीचे लंगोट शिवले. सहा व्हती, एकाचे दोन, बारा झाले.”

“सात होती. सातव्याला काखेत भोक होतं.”

“भोकाचं एक बी नव्हतं,” कमल हळूच म्हणाली. “सहाच निघाली.”

चोवीस वर्षं मी पोरांना सांगतो, उत्तर जमलं नाही तर पुन्हा मोजा. मी पुन्हा मोजलं नाही. एक खण आला होता, एक बनियन गेलं होतं, आणि या व्यवहारात फसगत कोणाची झाली हे अगदी उघड होतं. मला त्या सातव्या बाईंपुढे मनापासून लाज वाटली. मी विहिरीच्या काठाशी गेलो, वाकलो आणि हात जोडून म्हणालो, “बाई, ते फार फाटकं आहे. परत द्या, वीस मिनिटांत शिवून...”

कमलने मागून माझी कॉलर धरली आणि मला दोन हात मागे खेचलं.

“आयांनो,” ती विहिरीकडे पाहून कळवळून म्हणाली, “फाटकं हाय तसंच घाला!”