भिकातात्यानं आणलेलं पोवळं

आमचा शेजारी भिकाजी मयेकर, म्हणजे भिकातात्या, जन्मभर मासेमारीच्या बोटीवर तांडेल होता, सगळ्या खलाशांचा म्होरक्या. समुद्रातलं आपल्याला कळत नाही असं काही असेल, हे त्याला कुणी पटवू शकलं नाही. बायकोही नाही, आणि तिनं काही कमी प्रयत्न केले नव्हते.

त्याची मुलगी निशिगंधा रत्नागिरीत मत्स्यालयात कामाला. शाळेच्या सहलींना मासे, प्रवाळ दाखवते. पोरगी गुणी, पण पत्रिकेत कडक मंगळ. दोन स्थळं त्यापायी परत गेलेली. तिसरं लांज्याचं आलं. मुलगा हर्षद. "आम्ही पत्रिका बघत नाही," असं त्याच्या आईनं, दर्शनाबाईंनी, फोनवरच सांगितलं. तात्याही लगेच म्हणाला, "आम्ही तरी कुठं बघतो!"

म्हणाला, आणि ज्योतिषाकडे गेला. ज्योतिषानं पोरीच्या अंगठीत पोवळं घालायला सांगितलं.

"बाजारात कशाला जायचां? दर्या दारात हाय माझ्या!" असं म्हणत तात्या अमावास्येच्या ओहोटीला शिंपल्यांतली कालवं काढायची कोयती घेऊन खडकात उतरला आणि हिरवट तपकिरी ढेकूळ फोडून घेऊन आला. कुणाला न सांगता ते देवघरात लाल कपड्याखाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. मी होतोच, असल्या वेळी मला बोलवावं लागत नाही. चहा येण्याआधी वास आला. दर्शनाबाईंनी पदर नाकाला लावला. "सुकी मासळी आम्हीपण खातो हो. हा वास तिचा नव्हे."

निशिगंधा वासाचा माग काढत देवघरात गेली आणि ढेकूळ घेऊन बाहेर आली.

"बाबा, हे जिवंत होतं! ह्या एवढ्याशात शेकडो जीव असतात. तोडणं गुन्हा आहे!"

"पोवळां हाय तां."

"अंगठीतलं लाल पोवळं दूरच्या खोल समुद्रातलं. आपल्या खडकात हे असं ढेकळाचं वाढतं, मालवणकडे फांद्यांचंही. वर्षाला नखाएवढं वाढतं, आणि तुम्ही एका घावात..."

"तुझ्या मंगळासाठीच आणलां ना गो!" तात्या ओरडला.

झालं! तात्याची बायको चहाचा ट्रे घेऊन दारातूनच आत वळली.

"मुलीला मंगळ आहे?" दर्शनाबाईंनी विचारलं.

"आहे," निशिगंधा म्हणाली. "लपवायला नको होता."

दर्शनाबाईंनी पदर नाकावरून काढला. "अगो बाय! आमच्या हर्षदलापण आहे! सांगायचं कसं म्हणून रात्रभर झोप नाही मला."

मंगळाला मंगळ चालतो. तासाभरात सुपारी फुटली. हर्षदनं तेवढ्यात निशिगंधाला विचारलं, "ते फांद्यांचं पोवळं दाखवशील का कधी?" आईनं डोळे वटारले.

तात्या संध्याकाळच्या ओहोटीला ढेकूळ परत बसवायला गेला. ते बसलं नाही. मेलेलं कसं बसणार? आता त्या खडकावर कुणी कोयती उगारली की तोच किनाऱ्यावरून बोंबलतो. कालवंवाल्या बायका वैतागल्यात. "तात्यानूं," त्या म्हणतात, "तुमची पोर उजवलीत, आता आमचा धंदा तरी करू द्या!"