बांधावरचा ओटा

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, देवासमोर हात जोडून उभा असतानाही नाही — तिथेही दुसरंच काहीतरी पुटपुटून परत येतो. तुमची-माझी ओळख नाही. कदाचित म्हणूनच जमेल.

आधी स्वभाव सांगतो. मी संशयी माणूस आहे. दुधात पाणी आहे हे मी पातेल्यात न बघताच ठरवतो. कुलूप लावलं की तीनदा ओढून बघतो, आणि बायकोने लावलं असेल तर चौथ्यांदा. समोरच्या खिडकीचा पडदा हलला की वाटतं, नजर माझ्यावरच आहे. जन्मभर प्राथमिक शाळेत मास्तरकी केली. कोणत्या पोराने कुणाची पेन्सिल उचलली हे मी चेहऱ्यावरून ओळखायचो. लोक म्हणायचे, दिगंबर गुरुजींची नजर पक्की. मलाही तसंच वाटायचं — पण त्यात किती वेळा चुकलो असेन, हे कधी तपासलं का मी?

निवृत्तीनंतर लातूरलाच राहिलो. शेत जळकोटकडे, माळाचं, दगडाधोंड्यांचं. गावात माय एकटी राहायची — आईला आम्ही मायच म्हणायचो. मी महिन्यातून दोनदा जायचो, बांधावरून चक्कर मारायचो, बटईने शेत करणाऱ्याला शहाणपण शिकवायचो आणि संध्याकाळच्या बसने परत. उंटावरून शेळ्या हाकणं, दुसरं काय.

त्या बांधावरून पूर्वी काय काय दिसायचं! ज्वारी, तिच्यामधून करडईचे पट्टे, विहिरीवरच्या बाभळीला सुगरणींचे खोपे. आता चहूकडे सोयाबीन. खोपे गेले, कारण दाणे गेले. मार्गशीर्षाच्या अमावास्येला आमच्याकडे येळवस असते. सगळं गाव शेतात जातं, कडब्याची कोप म्हणजे खोपटं करतं, तिच्यात चुना लावलेले पाच दगड मांडतं — ते पांडव — आणि आंबील-भज्जी खाऊन दिवसभर तिथेच राहतं. पण ज्वारीच नाही तर कडबा कुठून आणणार? लोक हल्ली हिरव्या जाळीची कोप करतात. पांडवांना तेही चालतं, पण मला ते बघवत नाही. माझं गाव कुणीतरी हळूहळू, माझ्या नकळत बदलून टाकतंय, असं वाटत राहायचं. कोण, ते सांगता यायचं नाही. आणि नाव सापडलं नाही की संशयी माणसाला चैन पडत नाही.

बांधाच्या टोकाला एक कडुलिंबाचं झाड. खाली एक ओटा, त्यावर हिरव्या कापडातला दगड. आमच्या शेतातला पीर. पेरणीआधी तिथे नारळ फुटायचा, रासेचं पहिलं सूप तिथे जायचं. हे माझ्या आजोबांच्याही आधीपासून. दर गुरुवारी जळकोटहून रहीमचाचा सायकलवर यायचे, ऊद घालायचे आणि मायच्या हातचा चहा पिऊन जायचे. ते पिंजारी — आमच्या घरातल्या साऱ्या गाद्या त्यांनीच पिंजलेल्या. मी त्या गाद्यांवर लहानाचा मोठा झालो.

एकदा मला वाटलं, ओटा मोठा झालाय.

हसू नका. मोबाइलवर तेव्हा रोज काहीबाही यायचं — अमक्या गावात ओट्याची भिंत झाली, तमक्या ठिकाणी भिंतीचं छप्पर झालं. कोण पाठवतं, खरं किती, कधी विचारलं नाही. दुधावर संशय घेणारा मी, त्यावर मात्र घेतला नाही. मी एक सुती दोरी घेतली, ओट्याभोवती फिरवली, गाठ मारली आणि दोरी लिंबाच्या ढोलीत लपवून ठेवली. पुढच्या वर्षी येळवशीनंतर पुन्हा फिरवली. गाठ चार बोटं कमी पडली. कडेला नव्या विटाही दिसल्या. आणि त्याच आठवड्यात मी रहीमचाचांना पाहिलं होतं — सायकलच्या कॅरिअरला घमेलं बांधलेलं, घमेल्यात कालवलेला चुना.

आता आणखी पुरावा कशाला हवा? विचारायला काय झालं होतं? सायकल थांबवून, 'चाचा, हे काय चाललंय,' एवढं म्हटलं असतं तर — पण विचारलं की समोरचा सावध होतो, असा माझा हिशेब. मी त्यांना हसून नमस्कार केला. त्यांनी घरच्यांची खुशाली विचारली.

उन्हाळ्यात नाल्याचा गाळ काढायला खोदकामाचं मशीन आणलं. चालवणारा बळीराम, शेजारच्या गावचा, चाळिशीचा, देवभोळा माणूस. मशीनच्या काचेवर लिंबू-मिरची टांगलेली. दुपारी काम बांधाच्या टोकाशी आलं. मी त्याला हात केला आणि ओटा दाखवला.

तो म्हणाला, “गुरुजी, पिराचं हाय न्हवं हे?”

“दगडं आहेत,” मी म्हणालो. “मी आहे ना. काढ.”

तो खाली उतरला, चप्पल काढून पाया पडला आणि पुन्हा चढला. दोन फटक्यांत ओटा गेला. मी लिंबाच्या सावलीत उभा राहून बघत होतो. सुटल्यासारखं वाटलं मला — हेही सांगितलंच पाहिजे.

घरी येऊन मायला म्हणालो, “मशीनवाल्याच्या हातून चुकून पिराचा ओटा मोडला. मी तिथं नव्हतो.”

किती सहज निघालं. मी एक वाक्य तयार करून आणलं होतं आणि तेवढंच बोललो.

माय ज्वारी निवडत बसली होती. तिने सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, “आता सांगाया हरकत न्हाई. नवस तसाबी तुटलाच.”

तिने सांगितलं ते असं: मी तीन वर्षांचा झालो तरी उभा राहत नव्हतो. मुडदूस झालेला, हातापायांच्या काड्या. नांदेडच्या डॉक्टरपर्यंत जाऊन झालं होतं. मायने मला काखेत घेतलं, त्या ओट्यावर टाकलं आणि बोलली — माझं लेकरू वाढू दे, ते जितं हाय तवर दरसाल तुझा ओटा वाढवीन. तेव्हापासून दर येळवशीला, सगळे जेवून आडवे झाले की ती पांडवांचा उरलेला चुना मातीत कालवून ओट्याला बोटभर थर द्यायची. नवस बोलून दाखवायचा नसतो, म्हणून माझ्या बापालाही सांगितलं नाही. गुडघे गेले तेव्हा तिने रहीमचाचांना शपथ घालून ते काम दिलं. माती पावसात धुपते म्हणून त्यांनी कडेला विटा लावल्या.

मी दोरीने मोजला होता तो माझाच नवस.

तेव्हाच बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं मी. पण तेवढ्यात मायने दोन्ही हातांची बोटं मोडली आणि म्हणाली, “ज्याच्या हातानं हे झालं, त्याला सुखाचा घास लागायचा न्हाई.”

मी तोंड मिटलं.

गावात गोष्ट पसरायला कितीसा वेळ लागतो? बळीराम म्हणजे पीर मोडणारा. विहिरीच्या कामाला त्याला कुणी बोलवेना; पाणीच लागणार नाही म्हणे. महिन्याभराने तो लातूरला माझ्या दारात आला. आत यायला तयार नव्हता. म्हणाला, “गुरुजी, लोक नावं ठेवून राहिले. तुमी एकदा सांगा की लोकांला, तुमच्यासमोर झालं म्हणून.” मी म्हणालो, “बघतो.” तो मान हलवून गेला. पुन्हा आला नाही. नंतर कळलं, हदगावकडे रस्त्याच्या कामावर गेला, बायको-मुलं इथेच ठेवून.

आणि रहीमचाचा? पुढच्या गुरुवारी ते आले. विखुरलेले दगड वेचून लिंबाच्या बुंध्याशी रचले. मी मुद्दामच तिथे होतो — काय बोलतात ते ऐकायला. जाताना त्यांनी खिशातून काहीतरी काढून माझ्या हातावर ठेवलं. गाठ मारलेली दोरी.

“तुमचीच ना, गुरुजी? ढोलीत हुती.”

एवढंच. नंतर ते गुरुवारी यायचे, पण शेतात पाऊल टाकायचे नाहीत. रस्त्यावरूनच सायकल धरून उभे राहायचे आणि निघून जायचे. मायकडचा चहाही बंद झाला. साखर वाढलीय, म्हणायचे. दोन वर्षं मी याच धास्तीत काढली — हा माणूस सांगणार. सांगत का नाही? मनात काय आहे याच्या? काहीतरी हवं असेल. चोराच्या मनात चांदणं. त्यांना काहीच नको होतं, हे मला अजूनही नीट पटत नाही, बघा. इतका मी मुरलेला आहे.

मग माय अंथरुणाला खिळली. घास उतरेना. एके सकाळी मला जवळ बोलावून म्हणाली, “त्या मशीनवाल्याला बोलीव. माझी जीभ लई वाईट गेली त्याच्यावर. त्याचीबी लेकरं हायत. जायच्या आदी उतरून घेते.”

मी म्हणालो, “राहू दे ना माय, तो लांब असतो.”

“बोलीव म्हणते ना.”

मी फोन केला. वाटलं होतं, येणार नाही — खरं सांगू, यायलाच नको होता. बळीराम दुसऱ्या दिवशी दुपारी बसने आला. अंगावरचा सदरा धुळीचा. मायच्या बाजेजवळ खाली बसला. आता बोलेल, मला वाटलं. म्हातारीसमोर सगळं ओकेल. मी दाराची चौकट धरून उभा राहिलो.

मायने भाकरीचा चतकोर मागितला. तो बळीरामच्या डोक्यावरून तीनदा उतरवला. “म्या दिलेला तळतळाट म्या माघारी घेतला,” म्हणाली. “चुकून झालं तुझ्या हातानं. सुखानं जेव. लेकरंबाळं सुखी ऱ्हाऊ दे.”

बळीराम मान खाली घालून बसला होता. तो बोलला नाही, आणि मीही नाही. माय जिवंत होती, शुद्धीत होती, माझ्यापासून चार पावलांवर होती.

तो चतकोर तिने मला दिला. उतरवलेली भाकरी बाहेर नेऊन कुत्र्याला घालायची असते आणि मागे बघायचं नसतं. मी अंगणापलीकडे गेलो. कुत्रं कुठेच दिसेना. तुकडा हातात धरून उभा राहिलो, मग उकिरड्याकडे फेकला आणि मागे वळून पाहिलं. बळीराम उंबऱ्यात येऊन थांबला होता. चपला घालून माझ्याजवळ आला.

“जातो गुरुजी. चारची बस हाय.” दोन पावलं गेला आणि वळला. “तुमचं जेवण व्हायचंय वाटतं. जेवून घ्या.”

बोलण्यात टोमणा होता का, हे मी त्यानंतर शंभर वेळा स्वतःला विचारलंय. त्याच्या चेहऱ्यावर तसं काही नव्हतं.

नवव्या दिवशी माय गेली. तिने तळतळाट माघारी घेतला तो बळीरामवरून. ओटा मी मोडायला लावला होता. तिला ते कळलं नाही, कारण मी सांगितलं नाही.