निळ्या तळ्यातली मूठ

नानांना मी पिक्चरला नेलं ते करमणुकीसाठी नाही, त्यांना संताप यावा म्हणून नेलं.

नाना म्हणजे माझे वडील. साक्रीकडच्या आमच्या गावात त्यांनी चाळीस वर्षं आखाड्यात लाठी शिकवली. मलाही त्यांनीच शिकवली. चूक झाली की काठी खाली ठेवायची, मातीला हात लावायचा आणि पहिल्यापासून सुरू करायचं, हा त्यांचा कायदा. आखाड्याबाहेरही त्यांची नजर सुटत नसे. लग्नात नवरदेवाने लिंबू खोचलेली कट्यार धड धरली नाही, तर नाना वरातीत घुसून त्याचं मनगट सरळ करत. नवरीकडचे आ वासून बघत राहत.

मागच्या पावसाळ्यात अर्धांगवायूचा झटका आला आणि उजव्या हाताची मूठ बंद झाली. डॉक्टर जळगावचे, म्हणून नाना तिथे माझ्याकडे राहायला आले. डॉक्टरांनी मऊ पिवळा चेंडू दिला आणि सांगितलं, रोज दाबला तर हात उघडेल, नाहीतर काही महिन्यांत असाच आखडून बसेल. नानांनी तो चेंडू कांद्याच्या टोपलीत भिरकावला. मी मात्र एक गोष्ट हेरली होती. टीव्हीवर कुणी तलवार चुकीची धरली की रागाच्या भरात नानांचा उजवा हात कोपरापासून उचलला जाई, बोटं थरथरत. राग हेच त्यांचं औषध, असं मी ठरवून टाकलं.

आणि या पिक्चरमध्ये रागाला काय तोटा! हिंदीत डब केलेला. चहाच्या दुकानातला नायक डोंगरात एक चमकणारा दगड गिळतो आणि एका गाण्यात वस्ताद होतो. बांबूच्या शेंड्यांवरून धावतो. तलवार बोलते, तीही नायिकेपेक्षा जास्त. शंभर शत्रू आपली पाळी येईपर्यंत शिस्तीत उभे राहतात, रेशनच्या रांगेतसुद्धा एवढी शिस्त नसते. वार कुठून आला, पाय कुठे पडला, काही म्हणजे काही दिसत नाही, कॅमेराच गरगरतो. चांगलं काय म्हणाल, तर नायकाचा म्हातारा गुरू. ते काम करणाऱ्या नटाला उभं राहता येत होतं. भार मागच्या पायावर, खांदे सैल. सरावाआधी तो अंगणात पाणी शिंपडतो, तेवढी दोन मिनिटं खरी होती.

मी अधूनमधून काडी लावत होते. “नाना, पाय चुकला ना त्याचा?”

“गप बठ, माय.”

मग तो प्रसंग आला. शत्रूने त्या गुरूचा हात निकामी केलेला असतो. नायक त्याला निळ्या तळ्याशी नेतो, गुरू मूठ पाण्यात बुडवतो आणि एकेक बोट उघडतं. सगळं मिळून अर्ध्या मिनिटात. ना चेंडू, ना घाम. मी नानांकडे वळले, आता भडकतील म्हणून. नाना डाव्या हाताने आपली उजवी बोटं एकेक करून उलगडत होते. सोडली की परत मिटत होती.

बाहेर आल्यावर मी विचारलं, “चुका किती निघाल्या?”

“एक बी नही. सकाय परत येऊत.”

उद्या परत यायचं म्हणे! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आयुष्यभर कुणाचं मनगट वाकडं खपवून न घेणारा माणूस, आणि या रंगीत पाण्यापुढे लोटांगण! त्यांना आयती आशा दाखवणाऱ्या त्या दिग्दर्शकाला आमच्या मातीत उभं करून दिवसभर पहिल्यापासून करायला लावावं, असं वाटलं. तरी दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिकिटं काढलीच. नाही म्हणायचा धीर मला झाला नाही.

या वेळी तो प्रसंग आला तेव्हा मी पडद्याकडे पाहिलं नाही. नानांनी डावा हात बाजूला ठेवला होता. उजवी मूठ मांडीवर, नजर तळ्यावर. पडद्यावरच्या म्हाताऱ्याचं शेवटचं बोट उघडलं, लोकांनी शिट्ट्या मारल्या. नानांची मूठ तशीच होती.

“चुकना,” ते म्हणाले.

दोन दिवसांत त्यांनी काढलेली पहिली चूक. मला केवढा आनंद झाला. “कोण, नाना? तो गुरू?”

“नही,” ते मांडीवरच्या आपल्या मुठीकडे बघत म्हणाले. “मना हात.”