सुमनवहिनीच्या चहाला बंदी

आमच्या फाट्यावर दुकानं चार, पण किस्से चाळीस दुकानांचे! मी शिंपी. हात मशीनवर, कान बाहेर. ऐकलं की तारीख टाकून वहीत लिहितो. चौदा वह्या भरल्या, त्यातली निम्मी पानं एकट्या सुमनवहिनीची!

इंद्रवेल्लीच्या रस्त्यावरच्या आमच्या गावात सरकारपेक्षा गावकमिटीचा धाक मोठा. कोणी काय विकायचं, याचा कमिटी लिलाव करते. चहाचा हक्क अध्यक्षांच्या साळ्याकडे. वहिनीनं कोणाला विचारलंच नाही. थेट शेगडी मांडली!

"वहिनी, भेव नाई वाटत?"

"शिंपीदादा, वीस वर्षं दुसऱ्याच्या कापसात वाकली. आता ताठ उभी राहून चहा गाळून राह्यली. पुन्हा वाकू काऊन?"

*

कमिटीनं डप्पू वाजवून दवंडी दिली, "सुमनबाईच्या ठेल्यावर जो चहा पिईल, त्याले दंड!"

दवंडीवाल्या राजन्नानं हे नेमकं तिच्या ठेल्यासमोर तीनदा ओरडून सांगितलं. घसा बसला. डप्पू खाली ठेवून म्हणाला, "वहिनी, एक कप. आलं जास्त!"

"अरे, आताच त बंदी सांगितली!"

"ते कमिटीचं काम होतं. झालं ते!"

*

बंदी ठेल्यावर पिण्याला होती, माझ्या दुकानात नव्हती! किटली माझ्याकडे येऊ लागली. कमिटीचा माणूस डोकावला.

"इतके लोक काऊन बसले?"

"बटन लावाले."

त्यानं कप धरून बसलेल्या पांडूकाकांचा सदरा निरखला. सगळी बटणं जागच्या जागी! काकांनी शांतपणे माझी कात्री उचलली, वरचं बटण कापलं.

"आता?"

*

मग कमिटीनं गवळ्यांना दम दिला. दूध बंद! वहिनीनं लिंबू पिळून कोरा चहा काढला. साळ्याची गिऱ्हाइकंही इकडे वळली. तिसऱ्या दिवशी खुद्द साळ्याचा निरोप, "वहिनी, दूध मी पाठवतो, पन तो लिंबूचा चहा बंद कर!"

*

गिऱ्हाईक उरलं नाही, म्हणून यंदा साळ्यानं हक्क सोडला. लिलावाला सारा गाव मारुतीच्या पारावर, पण बोली लावायला कोणी उठेना. वहिनीला बोलावणं गेलं. मीही मशीन सोडून धावलो. आज ठेला राहतो की जातो!

अध्यक्ष म्हणाले, "सुमनबाई, झालं गेलं सोड. बोली लाव, हक्क घे. नाईतर ठेला उचलून फेकू."

वहिनी पदराला हात पुसत उभी राहिली.

"अध्यक्षसायेब, माह्यीच वस्तू मलेच काऊन इकून राह्यले?"

ती वळली, चालू लागली, मग थांबून म्हणाली, "आधण ठेवून आली मी. ज्याले चहा पाह्यजे त्यानं यावं. तुमीबी या, सायेब!"